चार कवळ्यांची वजावट

माझे भावोजी कवळ्या बनवतात. दात पडलेल्या माणसांच्या तोंडाचं माप डॉक्टर घेतात आणि ते यांच्याकडे येतं. माणूस कधी येत नाही, त्याचा जबडा तेवढा येतो, पांढऱ्या प्लॅस्टरचा, तळाला पेन्सिलीने नाव लिहिलेला. त्या जबड्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा, मग मेण काढून त्या जागी गुलाबी मसाला भरायचा, तो शिजवायचा, घासायचा, चमकवायचा. एकोणीस वर्षं त्यांनी हे काम एकाच लॅबमध्ये केलं आणि एका मंगळवारी दुपारी साडेबाराला, कुणालाही काही न सांगता, उठून घरी आले.

असं उठून येणं केवढ्याला पडतं हे मला चांगलं माहीत आहे, कारण पुढचे सगळे कागद मी लिहिले. आमच्या घरातले अर्ज मीच लिहिते. मी विम्याच्या ऑफिसात आहे, दिवसभर लोकांचे दावे वाचते, आणि कुठल्या वाक्याने काम होतं नि कुठल्याने अडतं हे मला कळतं, असा माझा समज होता.

भावोजींबद्दल आधी थोडं सांगते. ताईशी लग्न ठरल्यावर ते पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा आईशी बोलताना सारखे तिच्या ओठांकडे बघत होते. आई बावरून गेली. मला तर वाटलं, ताईने कुठला वेडा शोधून आणला. निघताना ते ताईला हळूच म्हणाले, आईंची खालची कवळी सैल आहे, बोलताना त्या ती जिभेने धरून ठेवतात, मी नवी करून देतो. आईला कवळी आहे हे तोवर आम्हा मुलींनाही ठाऊक नव्हतं. आई दोन दिवस ताईशी बोलली नाही. पंधरा दिवसांनी मात्र तिने गुपचूप माप दिलं आणि ती कवळी शेवटपर्यंत वापरली. जावयाचं कौतुक तिने कधी केलं नाही, पण पेरू खाताना त्याच्याकडे बघून हसायची.

माणूस असा. चेहरे विसरतो, जबडे विसरत नाही. त्यांच्याशी गप्पा मारायला बसलं की दोन्हीकडचं आपल्यालाच बोलावं लागतं. कुठल्याही कागदावर सही करताना ते वाचत नाहीत. समोरच्याने बोट ठेवलं की तिथे सही करतात आणि पेन परत देतात. एकोणीस वर्षांपूर्वी लॅबच्या पहिल्या मालकांनी बोट ठेवलं होतं, तिथे केली. त्या कागदात लिहिलं होतं की नोकरी सोडायची तर एक महिना आधी लेखी कळवावं लागेल. हे त्यांना पहिल्यांदा मी वाचून दाखवलं, नोकरी सोडल्यावर.

लॅब दुसऱ्या मजल्यावर होती, खाली वह्या-पुस्तकांचं दुकान. तीन खोल्या. पुढच्या खोलीला मोठी खिडकी आणि खिडकीला लागून भावोजींचं टेबल. ही खिडकी ऐष म्हणून नव्हती. दाताचा रंग पांढरा नसतो, पांढऱ्याच्या आसपासचे सोळा रंग असतात, आणि ते दिवसाच्या उजेडातच वेगळे दिसतात. डॉक्टर चिठ्ठीवर रंगाचा नंबर लिहितात, पण माणसाचा एखादा खरा दात शिल्लक असेल तर त्याच्याशी जुळवायला नंबर पुरत नाही, डोळा लागतो. भावोजी दात चिमट्यात धरून खिडकीशी नेत, एकदा सरळ बघत, एकदा तिरकं बघत आणि मग ठरवत. एकोणीस वर्षांत रंगासाठी त्यांचं काम परत आलं नव्हतं.

पहिले मालक गेले आणि त्यांच्या पुतण्याने लॅब घेतली. हे नवे मालक वाईट नव्हते. गोड बोलत, पगार वेळेवर देत. पण कवळी त्यांनी कधी हातात धरून बघितली असेल, असं मला वाटत नाही. त्यांनी संगणकावर दात कोरणारं यंत्र घेतलं. यंत्र महाग होतं, आलेल्या डॉक्टरांना ते दारातून दिसायला हवं, म्हणून एका रविवारी माणसं लावून त्यांनी भावोजींचं टेबल आतल्या खोलीत हलवलं आणि खिडकीशी यंत्र बसवलं. यंत्राला उजेड लागत नाही.

सोमवारी सकाळी भावोजी आले तर आपलं स्टूल आत. आतल्या खोलीत एक ट्यूबलाइट, भिंतीशी गॅस आणि कोपऱ्यात पॉलिशची मोटर. मोटरवर एक बाई काम करतात, सहा-सात वर्षं झाली, तोंडाला फडकं बांधून, पाठ खोलीकडे करून. त्या मोटरच्या आवाजात हाक मारली तरी ऐकू येत नाही. भावोजी जाऊन स्टुलावर बसले. काही बोलले नाहीत. हे मला आजही पटत नाही. त्याच मिनिटाला मालकांसमोर उभं राहून दोन वाक्यं बोलले असते, तर पुढचं काही घडलं नसतं. पण बोलतील तर ते भावोजी कसले. ते दात घेऊन जिन्यातल्या झरोक्याशी जायचे, बघून परत यायचे. दिवसातून वीस-वीस वेळा. जाऊन येईपर्यंत मेण थंड व्हायचं.

नऊ दिवस असं चाललं. त्या नऊ दिवसांत तीन कामं रंगासाठी परत आली. तिसरं परत आलं तो मंगळवार. दवाखान्याचा माणूस डबी घेऊन दारात उभा होता आणि त्याच्यादेखत मालक म्हणाले, "मास्तर, आता डोळे तपासून घ्या. वय झालं तुमचं." वय बावन्न. भावोजींनी ॲप्रन काढला, घडी घालून स्टुलावर ठेवला. मेणाची सुरी त्यांची स्वतःची होती, ती रुमालात गुंडाळली आणि ते जिना उतरले.

आता गॅसचं सांगायला हवं, कारण सगळं भांडण पुढे त्या गॅसवर येऊन ठेपलं. मसाला भरलेले पितळी साचे पाण्याच्या पातेल्यात ठेवतात. आधी गॅस मोठा, पाणी चांगलं गरम होईपर्यंत, दहाएक मिनिटं. मग बारीक करायचा आणि दीड तास तसाच ठेवायचा, उकळी येऊ द्यायची नाही. शेवटचा अर्धा तास तेवढी उकळी. सुरुवातीलाच उकळी फुटली तर मसाल्यात बुडबुडे होतात. वरून कवळी गुलाबी, गुळगुळीत दिसते, आणि आत सगळी भोकं. अशी कवळी फेकून द्यावी लागते. दवाखान्याचा माणूस आला तेव्हा भावोजींनी चार साचे नुकतेच पातेल्यात ठेवले होते आणि गॅस मोठा होता. बाई मोटरवर होत्या, पाठ करून. चारही कवळ्या गेल्या.

संध्याकाळी ताई कामावरून आली तर भावोजी घराच्या पुढच्या खोलीची खिडकी पुसत होते. आतून पुसून झाली होती, बाहेरून चालली होती. ताईने विचारलं, आज लवकर कसे? म्हणाले, सोडलं. तिने मला फोन केला, आणि मी पोचेपर्यंत त्या दोघांचं ठरूनही गेलं होतं. खिडकीशी टेबल टाकायचं, घरीच काम सुरू करायचं. तीन डॉक्टर भावोजींना नावाने ओळखत, ते थेट काम द्यायला तयार होते. लागणार होती एक पॉलिशची मोटर, साचे, थोडा माल. त्याला पैसे होते, म्हणजे मिळायचे होते. तेवीस दिवसांचा पगार आणि एकोणीस वर्षांच्या सेवेचे पैसे, म्हणजे ग्रॅच्युइटी. ते मिळाले तर हे टेबल होणार. नाही मिळाले तर बावन्नाव्या वर्षी दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये जाऊन नव्या माणसाच्या पगारावर, पुन्हा ट्यूबलाइटखाली बसायचं. ताईने त्याच आठवड्यात मोटरवाल्याकडे इसार देऊन टाकला. ताईचं सगळं असंच असतं.

वीस दिवसांनी मालकांचं पत्र आलं. त्यात हिशेब होता. तेवीस दिवसांचा पगार, वजा नोटिशीचा एक महिना, वजा चार कवळ्यांची किंमत, वजा डॉक्टरांना झालेला मनस्ताप. मनस्तापाचीही रक्कम धरली होती. सेवेचे पैसे निष्काळजीपणामुळे रद्द. शेवटी बेरीज-वजाबाकी करून निष्पन्न काय, तर भावोजीच मालकांना काही देणं लागत होते आणि ते त्यांनी आठ दिवसांत भरावं. ताईने ते पत्र दोनदा वाचलं. भावोजींनी वाचलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "चारही गेल्या का?"

मी कामगार कार्यालयात अर्ज करायचं ठरवलं. तो मी माझ्या ऑफिसात बसून लिहिला, जेवणाच्या सुट्टीत. टेबल हलवल्याचं लिहिलं, दवाखान्याच्या माणसासमोर अपमान केल्याचं लिहिलं. कवळ्यांपाशी येऊन थांबले. तिथे आमची बाजू लंगडी होती, हे मला दिसत होतं. मग मी एक वाक्य घातलं: "निघण्यापूर्वी अर्जदाराने गॅस बारीक केला होता व खोलीत उपस्थित असलेल्यांना तशी कल्पना दिली होती." भावोजींना विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं आणि मग लिहिता आलं नसतं. दाव्यांत लोक असं लिहितात, रोज लिहितात, मी रोज वाचते. अर्ज त्यांच्यापुढे ठेवला, बोट ठेवलं. त्यांनी सही केली.

तारखेला आम्ही दोघं गेलो. कार्यालयाची खोली लांबट, भिंतीला कपाटं, कपाटांवरही फायली. अधिकारी बाई निवृत्तीला आलेल्या असाव्यात. चष्मा नाकावर खाली आलेला, बोलण्यात घाई नाही. मालक आपल्या गाडीतून पॉलिशवाल्या बाईंना साक्षीला घेऊन आले होते. त्यांना मी प्रथमच पाहत होते. चाळिशीच्या, अंगाने बारीक, हाताच्या बोटांच्या टोकांना पॉलिशची पांढरी पूड कायमची बसलेली. त्या मागच्या बाकावर बसल्या. भावोजींनी त्यांना मानेने नमस्कार केला, त्यांनीही केला.

मालक छान बोलले. मास्तरांबद्दल आदरच आहे, म्हणाले. काकांच्या वेळचे. पण असं चालू काम टाकून जाणं, माल बिघडवणं, मग इतरांनी काय शिकायचं? खिडकीचा विषय निघाला तेव्हा त्यांना खरंच नवल वाटलं. म्हणाले, मास्तर एकदा तरी म्हणाले का मला, की खिडकी हवी? 

मग अधिकारी बाईंनी माझा अर्ज समोर ओढला आणि वाचायला लागल्या, मोठ्याने, एकेक शब्द. गॅसच्या वाक्यावर आल्या. "निघण्यापूर्वी गॅस बारीक केला होता, आणि खोलीतल्यांना सांगितलं होतं," त्या भावोजींकडे बघून म्हणाल्या. "असं आहे का?"

भावोजी ते वाक्य पहिल्यांदा ऐकत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय ठेवला. फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं की कवळ्यांची वजावट गेली, निष्काळजीपणा गेला, सेवेचे पैसे मोकळे. मालकांजवळ पुरावा काय, तर मागे बसलेली बाई, जिची पाठ होती. मी मनात एवढंच म्हणत होते की निदान आज तरी तोंड उघडा.

भावोजींनी मागे वळून बाकाकडे बघितलं. मग म्हणाले, "नाही. गॅस मोठाच होता. मला माहीत होतं. दहा मिनिटं थांबलो असतो तर झालं असतं. थांबलो नाही."

"खोलीत कुणाला सांगितलं होतं?"

"कुणालाच नाही. या बाई होत्या, त्यांची मोटर चालू होती. त्यांना काही कळायचा संबंधच नाही."

माझा संताप झाला. एकोणीस वर्षं हा माणूस हक्काचं बोलला नाही, आणि बोलायला सुरुवात केली ती इथे, अशी. मालक पुढे सरकून म्हणाले, मॅडम, हे लिहून घ्या. अधिकारी बाई लिहीतच होत्या. मी ताईला काय सांगायचं याची जुळवाजुळव करायला लागले.

तेवढ्यात मागून आवाज आला. "मग माझे का कापले?"

पॉलिशवाल्या बाई उभ्या राहिल्या होत्या. अधिकारी बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, काय कापले?

"कवळ्यांचे पैसे. दोन महिने कापतायत. तू खोलीत होतीस, तुझी जबाबदारी, म्हणाले." बोलताना त्या मालकांकडे बघत नव्हत्या, टेबलाच्या कडेकडे बघत होत्या. "मला वाटलं, मास्तर सांगून गेले असतील आणि मलाच ऐकू आलं नसेल. म्हणून गप्प बसले."

 मग अधिकारी बाईंनी मालकांना साध्या आवाजात विचारलं, खराब किती झाल्या? चार. मास्तरांच्या हिशेबातून किती वजा केल्या? चार. बाईंच्या पगारातून? मालक म्हणाले, ते वेगळं आहे, तो शिस्तीचा भाग आहे, ऑफिसातला मुनीम बघतो ते. अधिकारी बाईंनी कागदावर आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. म्हणाल्या, चार बिघडल्या आणि आठांचे वसूल केले. अजून कुणी होतं का त्या दिवशी लॅबमध्ये?

त्यानंतर मालकांचं गोड बोलणं आटोपलं. तडजोड व्हायला अर्धा तास लागला. पॉलिशवाल्या बाईंचे कापलेले सगळे पैसे त्याच महिन्यात परत. भावोजींना तेवीस दिवसांचा पगार मिळणार होता, त्यातून चार कवळ्यांचा माल वजा, फक्त माल, मनस्ताप नाही. नोटिशीचे पंधरा दिवस वजा. अधिकारी बाई म्हणाल्या, खिडकीचं तुम्ही सांगायला हवं होतं, तेवढं तुमच्या अंगावर. सेवेचे पैसे पूर्ण, दोन हप्त्यांत. एवढ्या वजाबाक्या होऊनही टेबल होणार होतं. मोटर मात्र दुसऱ्या हप्त्यानंतर, आणि ताईचा इसार बहुधा बुडणार होता. भावोजींनी सही केली. या वेळीही वाचलं नाही.

बाहेर मालक गाडीचं दार उघडून उभे होते. त्यांनी बाईंना चला म्हटलं. बाई म्हणाल्या, मी बसने येते. मालक दार लावून गेले. बाई आमच्याबरोबर स्टॉपवर आल्या. उद्या कामावर जाणार का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, बघू. भावोजींनी तिघांची तिकिटं काढली. आम्ही मागच्या लांब सीटवर बसलो, मी मधे, दोन बाजूंना ते दोघं.

राग अजून गेला नव्हता. मी भावोजींना हळू आवाजात म्हटलं, एक हो म्हणायला तुमचं काय जात होतं? ते म्हणाले, "मी बारीक केला म्हटलं असतं, तर मोठा कुणी केला, असं विचारलं असतं. खोलीत त्याच होत्या."

 अर्ज लिहिताना "उपस्थित असलेल्यांना" हा शब्द मी किती वेळ शोधला होता ते मला आठवत होतं. तो शब्द म्हणजे कोण, हा विचार एकदाही डोक्यात आला नव्हता. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला जो राग येतो तोही आला.

निम्मा रस्ता गेल्यावर बाईंनी माझ्याकडे मान वळवली. "मॅडम, ते गॅसचं वाक्य तुम्ही घातलं होतं का?" आवाजात तक्रार नव्हती, नुसतं विचारत होत्या. "अधिकारी बाईंनी ते वाचलं तेव्हा मी म्हटलं, झालं, आता नोकरीही जाते."

हो म्हणायला हवं होतं. शेजारी तो माणूस बसला होता, ज्याने तासाभरापूर्वी, पैसे जात असताना, अधिकाऱ्यासमोर खरं सांगितलं होतं. माझं तर काहीच जाणार नव्हतं.

"टाइप करणाऱ्याने घातलं असेल," मी म्हणाले. "बाहेर टायपिंगला दिला होता अर्ज."

"असेल," बाई म्हणाल्या. "त्या लोकांचं लक्ष नसतं."

अर्ज मी माझ्याच टेबलावर, माझ्या हाताने टाइप केला होता. भावोजींना ते माहीत होतं. त्यांचा स्टॉप येईपर्यंत मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.